पलटणमामांचा निरोप

मी एका माणसाच्या मुलीचं सोनं केलं. असं लिहिलं की पुण्य केल्यासारखं वाटतं, पण ते निव्वळ गाढवपण होतं, आणि तेही कानांनी केलेलं. तमिळमध्ये 'पोन्नु' म्हणजे सोनं आणि 'पोण्णु' म्हणजे मुलगी. मध्ये फरक काय तो न आणि ण यांचा. तंजावूरच्या मराठी घरातलं पोर पाळण्यातच दोन भाषा उचलतं. आईशी मराठी, भाजीवालीशी तमिळ, आणि भांडण रंगलं की दोन्ही. तेव्हा हा फरक मला ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय नाही. तरी एका सकाळी, वय वर्षं वीस, टायपिंगची वरची परीक्षा पहिल्या झटक्यात पास, आणि आपल्याएवढं शहाणं आमच्या सगळ्या मेलवीदी गल्लीत कोणी नाही अशी पक्की खात्री असलेली मी, टेलिफोनवर ण ऐकला आणि न समजले. माझी नात म्हणते, "आजी, तू अजूनही नीट ऐकत नाहीस." मी तिला सांगते, आता कान गेलेत, तेव्हा अक्कल गेली होती.

मी सहा-सात वर्षांची होते तेव्हापासून पलटणमामा आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्यांचं नाव अमृतराव, पण ते फौजेतून आलेले म्हणून सगळी गल्ली त्यांना पलटणमामा म्हणे. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरचे, पापनाशमचे, एवढ्या धाग्यावर ते मामा झाले. पहाटे विहिरीचा रहाट कुरकुरला की समजायचं, मामांची आंघोळ. मग बुटांना पॉलिश. कुठे जायचं नसलं तरी पॉलिश. मग ते दारापुढच्या ओट्यावर येऊन बसत. आम्ही त्याला तिण्णै म्हणायचो. एकेक करून माणसं जमत. रिटायर झालेले पोस्टमास्तर, पलीकडचा वीणेचे भोपळे कोरणारा, फुलांची टोपली घेऊन जाता जाता टेकणारी फूलवाली, स्टँडवर गिऱ्हाईक नसलेला एखादा ऑटोवाला. मामा सगळ्यांना स्वतः कॉफी करून पाजत, डवऱ्याच्या वाटीतून टंबलरमध्ये हातभर उंचीवरून ओतत. ती धार ओतताना ते लढाईची गोष्ट सांगत आणि एक थेंब सांडत नसत. दोन लढाया त्यांनी पाहिल्या होत्या. पाहिल्या म्हणजे लॉरी चालवत. पण लॉरी कशी चालवत ते ऐकलं की तोफेवाले अगदीच घरबशे वाटत.

त्यांना एकट्यानं जेवता येत नसे. आई वांग्याची रसवांगी करी, ताकात मुरवून वाळवलेल्या मोरमिळगाय तळी, त्या धुरानं सगळं घर खोकत असे, आणि मामा आपलं ताट घेऊन तिण्णैवर येऊन बसत. समोर कोणी नसलं तर हाक येई, "तुळजा, ये ग, नुसती बैस." मी जाऊन बसत असे, तोंड वाकडं करून, हातात मासिक धरून. मी एकदा म्हटलंही, "मामा, मी बसल्यानं भाताची चव बदलते कां?" ते म्हणाले, "चव नाहीं ग. घास जातो." मला तेव्हा ते फार विनोदी वाटलं. मैत्रिणींना मी त्यांची नक्कल करून दाखवली होती, घशाकडे बोट दाखवून.

पुढे आमच्या गल्लीत केबल आली. खांबाखांबावरून काळी वायर लोंबायला लागली, आणि संध्याकाळी माणसं आपापल्या घरात निळ्या उजेडात बसायला लागली. तिण्णैवरची डोकी आठाची पाच झाली, पाचाची तीन. मामा तरी आठ जणांची कॉफी करत. उरलेली आम्ही प्यायचो आणि मग झोप येत नाही म्हणून आई त्यांच्या नावानं ओरडायची.

आता त्यांच्या सोन्याविषयी. फौजेतून सुटल्यावर मामा पापनाशमला बायकोमुलीकडे आले ते महिनाभरच. पलटणीतल्या एका मलयाळी दोस्तानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की निलगिरीच्या पलीकडच्या उतारावर ओढ्यांच्या वाळूत सोनं सापडतं. ते खोटं नव्हतं. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या पसरट परातीत वाळू धुऊन सोन्याचा चुरा काढत आली आहेत. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की संध्याकाळी परातीच्या तळाशी एक पिवळी रेघ दिसते, तीही नशीब असेल तर. एक हंगाम राहतो म्हणून गेलेले मामा बारा वर्षं राहिले. त्या माणसांत राहून ते सोन्याला तिकडच्यासारखं 'पोन्नु' म्हणायला लागले. एरवी आमच्याकडे बाजारात सगळे 'तंगम'च म्हणतात. पण मामांमुळे आमची अख्खी गल्ली पोन्नु म्हणायला लागली. "काय पट्टाळत्तार, पोन्नु किडैच्चुदा?" काय फौजी, सोनं मिळालं का, हा त्यांना रोजचा नमस्कार होता. मामा हसत आणि इंजेक्शनची एक चिमुकली बाटली काढून दाखवत. तिच्यात पाणी होतं आणि पाण्याखाली बारा वर्षं. आडवी केली की एक पिवळी वाळू सावकाश सरके. जिऱ्याचे चार दाणे ठेवले तर त्याहून जास्त दिसतील, एवढी.

त्या बारा वर्षांत इकडे त्यांची बायको वारली. मुलीचं नाव सरसू. मामा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईमागे तिला आईच्या भावानं नेलं, आणि तो कुठे गेला ते सोयऱ्यांपैकी कोणी मामांना सांगितलं नाही. हे मला आईकडून अर्धवट कळलं होतं. मामा स्वतः तिच्याबद्दल बोलत नसत. सोन्याच्या शंभर गोष्टी, मुलीची एकही नाही. पण जुन्या ओळखीच्या लॉरीवाल्यांना, चहावाल्यांना, मंदिराच्या यात्रेत भेटलेल्यांना ते विचारत राहत आणि प्रत्येकाला माझ्या बूथचा नंबर देऊन ठेवत.

माझा बूथ म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. वडिलांनी तिथे नोकरी करू दिली, कारण पोरगी काचेच्या आत असते आणि सगळ्या रस्त्याला दिसते. मिठाईच्या दुकानातल्या लाडवासारखी मी काचेत बसत असे. शेजारच्या काचेत लोक फोनवर रडत, हसत, ओरडत. मला फक्त ओठ हलताना दिसायचे, मग मशीन कर्र करून बिल बाहेर काढायचं. दिवसभर जगाशी बोलणं जोडून देणाऱ्या माझ्याशी दिवसभरात कोणी बोलत नसे. हे मी तेव्हा डायरीत लिहिलं होतं, फार करुण शब्दांत, आणि खाली सही केली होती.

त्या सकाळी फोन आला तो गुडलूरहून. बोलणारा राजांगम. मामांच्या हाताखाली पलटणीत होता, आता त्या घाटात लॉरी चालवत होता. लाईन खरखरत होती आणि बाहेर नव्या कोल्ड्रिंकची जाहिरात करणारी गाडी कर्णा लावून उभी होती. तो तमिळमध्ये ओरडून म्हणाला, "पट्टाळत्तारांना सांग, पोण्णु किडैच्चुदु. शुक्रवारपर्यंत इथेच आहे. ताबडतोब निघायला सांग." आणि लाईन तुटली. तमिळच्या बोलीत पोरीबद्दल बोलतानाही क्रियापद नपुंसकलिंगी चालतं, त्यामुळे तिथेही मला कोणी सावध केलं नाही. पण खरं सांगायचं तर मला सावध व्हायचंच नव्हतं. मामांनी मला कबूल केलं होतं की मोठं पोन्नु मिळालं की तुळजाला झिमक्या. मोत्याचा घोस लावलेल्या. फोन खाली ठेवेपर्यंत त्या माझ्या कानात डोलायला लागल्या होत्या. ज्या कानांना झिमक्या दिसत होत्या, त्यांना ण कसा ऐकू येणार.

बूथ शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या हवाली करून मी सायकलनं घरी आले. तिण्णैवर त्या दिवशी चार माणसं होती. मला श्रोते मिळाले याचाच आनंद जास्त. मी पायरीवर उभी राहून मोठ्यानं सांगितलं, मराठीत, "मामा, सोनं सापडलं. राजांगमचा फोन होता. शुक्रवारपर्यंत तिथेच आहे, लगेच बोलावलंय." आज वाटतं, मी नुसते राजांगमचे शब्द पोपटासारखे म्हणून दाखवले असते तरी मामांनी विचारलं असतं, काय, पुन्हा म्हण. पण मी शहाणी. मी भाषांतर केलं. आणि मराठीत सोन्याचं आणि मुलीचं काहीच जुळत नाही.

पोस्टमास्तर उठून उभे राहिले. वीणेवाला म्हणाला, "आतां तरी बूट कामास येतील." मामा मात्र कॉफी ओतत होते ते ओतत राहिले. मग टंबलर खाली ठेवून म्हणाले, "मिळालं तर राहूं दे तिथेंच."

"म्हणजे तुम्ही जाणार नाहीं?"

"नाहीं."

"मामा, बारा वर्षं शोधलं तुम्हीं."

"म्हणूनच ग."

गल्लीनं चार दिवस हीच मजा चघळली. म्हातारा घाबरला, म्हणाले. मुळात सोनं नव्हतंच, म्हणून जात नाही, म्हणाले. मी तर तोंडावर "भित्रे" म्हणाले आणि दोन दिवस त्यांच्या जेवणासमोर बसले नाही. शुक्रवारी संध्याकाळी आईनं ढकलून पाठवलं म्हणून गेले. तिण्णैवर कोणी नव्हतं. आतून सगळ्या घरांतून एकाच सिनेमाचं एकच गाणं ऐकू येत होतं. मामांनी ताट झाकून ठेवलं होतं. मी बसले तसं त्यांनी झाकण काढलं. मामा थोडं जेवले आणि मी न विचारता बोलले. "पहिल्यांदा निघालों तेव्हां सरसू दारांत उभी होती. विचारलीन, अप्पा, कधीं येणार. मी म्हणालों, पोन्नु मिळालं कीं. नऊ वर्षांच्या पोरीस असं सांगतात कां? ती तेवढंच धरून बसली असेल. आतां मिळालं तरी तें घेऊन मी कोणाच्या दारीं जाऊं, तुळजा? ज्या सोन्यासाठीं तिला सोडलों, त्याचं तोंड मज पाहायचं नाहीं." मी मान हलवली. मनात म्हटलं, झिमक्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात राजांगम स्वतः आला. लॉरी स्टेशनच्या रस्त्यावर सोडून चालत आला आणि तिण्णैवर न बसता उभ्यानंच मामांना बोलला. तो तमिळमध्ये बोलत होता, मी इथे मराठीत लिहिते, या वेळी नीट. "अण्णे, तुम्ही माणूस आहां कां कोण? तीन दिवस पोर माझ्या घरांत वाट पाहात बसली. नवऱ्याला आसामच्या चहाच्या फॅक्टरीत काम मिळालंय, शुक्रवारची गाडी होती. गाडी सुटायची वेळ झाली तरी दाराकडे बघत होती. पायांत चपला घातलेल्या होत्या आणि बघत होती."

"कोण पोर?" मामा म्हणाले.

"कोण म्हणजे? सरसू. तुमची पोण्णु."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. परातीच्या तळाशी बघत असतील तसं. "तुळजा, राजांगमनं फोनवर काय सांगितलं होतं? त्याच्याच शब्दांत सांग."

मी सांगितलं. माझा ण या वेळी अगदी स्वच्छ आला. पोस्टमास्तर तेवढे हजर होते, ते चष्मा पुसत आत बघायला लागले. मी रडले, अर्थातच. असं की आई बाहेर आली, शेजारीण बाहेर आली, आणि शेवटी मामांनाच मला पाणी द्यावं लागलं. ज्याचं गेलं तो पाणी देतोय आणि जिनं घालवलं ती पितेय, असा तो देखावा. नंतर कोणीतरी विचारलं, मामा, तुम्ही तिला ओरडला कां नाहींत? ते म्हणाले, "ओरडलों तर पोर समोर बसायची नाहीं."

सरसूनं नवा पत्ता फक्त राजांगमच्या बायकोला दिला होता आणि अप्पांना द्यायचा नाही अशी शपथ घातली होती. पण पत्र दिलं तर पुढे पाठवीन एवढं ती बाई कबूल झाली. मामा म्हणाले, "मी काय लिहूं? बारा वर्षं नाहीं लिहिलं. तूं लिही." मी लिहिलं. तमिळमध्ये, आठ पानं, बूथमध्ये बसून. आयुष्यात तसं पत्र मी पुन्हा लिहिलं नाही. निरोप माझ्याकडून नीट पोचला नाही, त्यात अप्पांचा काही दोष नाही, मी किती रात्री तळमळले, मला जेवण कसं गोड लागत नाही, मी किती पापी आहे, तुम्ही क्षमा केली नाहीत तर मी कशी जगू. तीन ठिकाणी शाई फुटली होती, तिथे मी अश्रू म्हणून गोल करून दाखवला होता. काय निरोप होता आणि मी काय सांगितलं, ते मात्र लिहिलं नाही. न आणि ण ची गंमत एका अनोळखी बाईला सांगायची म्हणजे ती हसणार, आणि हसणारी बाई मला नको होती, रडणारी हवी होती. मामांना तमिळ वाचायला जड जाई. त्यांनी पाकीट हातात तोललं, म्हणाले, "बरंच लिहिलंस," आणि स्वतः तिकीट लावलं.

उत्तर आलं नाही. मामा रोज दुपारी बूथच्या काचेबाहेर येऊन उभे राहत. आत येत नसत. मी मान हलवली की हात वर करून परत जात. जाताना वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराशी बोलत, मोठमोठ्यानं, हसत. काचेतून मला ओठ हलताना दिसत. पुढे वीणेवाल्यानं टीव्ही घेतला, पोस्टमास्तर मुलाकडे मद्रासला गेले. तिण्णैवर मामा आणि मी. मी आता मासिक नेत नसे. ते लढाईच्या गोष्टी सांगत, पण मलाच सांगताना त्यांना त्या लहान लहान वाटायला लागल्या असाव्यात, कारण मध्येच थांबत आणि विचारत, "हें सांगितलंय कां तुज?" मी म्हणत असे, नाहीं. ऐप्पसी महिन्याच्या पावसात त्यांच्या छातीत कफ धरला आणि ते आठवड्याभरात गेले. सरकारी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते शेवटपर्यंत घाटातला रस्ता समजावून सांगत होते. क्रियाकर्म माझ्या वडिलांनी केलं.

पोंगलनंतर सरसू आली. मामा गेल्याचं राजांगमच्या बायकोनं तिला कळवलं होतं. उंच, सावळी, चालणं थेट मामांचं. तमिळ तिचं घाटातलं होतं, पण माझ्या आईशी ती मराठीत बोलली. तिचं मराठी नऊ वर्षांचं होतं. तिथेच थांबलेलं. "मज भूक नाहीं," म्हणाली, "मी तिकडे बसूं कां?" पस्तिशीतली बाई, आणि शब्द परकरी पोरीचे. तिण्णैवर बसून तिनं दोन्ही तळव्यांनी दगड चाचपला. माझं पत्र मिळालं होतं, म्हणाली. वाचून तिला वाटलं होतं की अप्पांनी शेजारच्या कोणा शिकलेल्या मुलीकडून आपली बाजू लिहवून घेतली. म्हणून उत्तर दिलं नाही.

तेव्हा मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पोन्नु, पोण्णु, कर्णा लावलेली गाडी, झिमक्यासुद्धा. ती हसली नाही. मी पायरीवरून ओरडून सोनं सापडलं म्हणाले, तिथे तिनं हात वर करून मला थांबवलं. विचारलं, मग अप्पा काय म्हणाले. मी सांगितलं, मिळालं तर राहूं दे तिथेंच, म्हणाले. त्या शुक्रवारी जेवताना जे बोलले तेही सांगितलं, शब्द न बदलता. समोरून शाळेची मुलं गेली, एक मोपेड गेली. मग ती माझ्याकडे वळली आणि तिच्या त्या लहानग्या मराठीत म्हणाली,

"तुळजा, आठ पानं तूं तुझंच लिहिलीस. सोनं म्हटलं तरी अप्पा उठले नाहींत, तेवढं एक कां नाहीं लिहिलंस? मी आले असते."